पोकळीत साठवलेली विमानं

एअरफिक्स हे ब्रिटिश खेळण्यांच्या दुनियेतलं जुनं घराणं. प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर उभी करायची, हा तिकडच्या दोन-तीन पिढ्यांचा पावसाळी रविवारचा उद्योग. 2006 नंतर या कंपनीच्या नव्या मालकांनी बरंचसं उत्पादन भारतात हलवलं आणि त्या काळातल्या कितीतरी खोक्यांवर 'मेड इन इंडिया' असं छापून आलं. पण खरी गंमत खोक्याच्या आत होती. त्यातली अनेक विमानं नव्याने घडवलेली नव्हतीच. ज्या साच्यातून ती निघाली, तो साचा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कोरला गेला होता, मध्ये काही वर्षं फ्रान्समध्ये राहून आला होता आणि त्याने चार मालक पाहिले होते. कोरणारा कारागीर केव्हाच निवृत्त झाला असेल. त्याच्या हाताची रेघ मात्र इथल्या प्लास्टिकवर जशीच्या तशी उमटत होती.

जुनी पुस्तकं पुन्हा छापतात, जुनी गाणी पुन्हा काढतात, हे आपल्याला सवयीचं आहे. प्लास्टिकच्या जुन्या किटचं पुनर्मुद्रण मात्र वेगळ्या जातीचं आहे. इथे मूळ वस्तूची प्रत काढत नाहीत. मूळ वस्तू असते ती पोलादातली एक पोकळी, आणि ती पोकळीच पुन्हा भरायची असते.

हे घडतं कसं, ते भोसरी-चाकणच्या कुठल्याही मोल्डिंग शॉपमध्ये पाहता येईल. माल वेगळा, रीत तीच. वर हॉपरमध्ये प्लास्टिकचा दाणा ओतायचा. किटसाठी तो पॉलिस्टायरीनचा. खाली तापलेल्या बॅरलमध्ये दोनशे अंशांच्या वर तो वितळतो आणि पाकासारखा वाहू लागतो. समोर साच्याचे दोन अर्धे भाग मशिनने शे-दोनशे टनांच्या जोराने एकमेकांवर दाबून धरलेले असतात. एका झटक्यात रस आत जातो. मधल्या नळीतून रनरमध्ये, रनरमधून केसासारख्या अरुंद गेटांतून प्रत्येक भागाच्या पोकळीत: पंख, चाकं, प्रोपेलर, आणि वैमानिकाच्या हाताची बोटं. साच्याच्या पोटातून पाणी फिरत असतं, त्यामुळे काही सेकंदांत सगळं गार. साचा उघडतो, इजेक्टर पिना मागून ढकलतात आणि चौकटीला लगडलेलं अख्खं विमान खाली पडतं. लगेच साचा बंद, पुढचा शॉट.

प्लास्टिक गार होताना आखडतं. पॉलिस्टायरीन थोडंच आखडतं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण वीस सेंटीमीटरच्या पंखात तोही एक मिलिमीटर होतो. म्हणून साचा मुळातच किंचित मोठा कापावा लागतो. साच्यातलं विमान आणि तुमच्या टेबलावरचं विमान एका मापाचं कधीच नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या जुन्या किट्सकडे निरखून पाहू. साठच्या दशकातलं विमान हातात घेतलं की पहिली नजर जाते ती रिव्हेट्सकडे. पंखभर उठलेले टिपके, ओळीने, शेकड्यांनी. बहात्तरपट लहान केलेल्या विमानावर अर्ध्या मिलिमीटरची रिव्हेट म्हणजे खऱ्या विमानावर साडेतीन सेंटीमीटरची. असं विमान धावपट्टीवर उभं राहिलं तर त्याला पुरळ उठलंय असंच वाटेल. नव्या किटवर याच जागी पत्र्यांच्या जोडांच्या नाजूक, खोल रेघा दिसतात. लोक म्हणतात, जुन्या काळी कारागिरी जाडीभरडी होती. मला हे पटत नाही. कारागिरी उत्तम होती, अडचण पोलादाची होती.

मोदकाचा साचा डोळ्यांसमोर आणा. मोदकावर जी कळी उठलेली दिसते, ती साच्यात खाच असते. मोदकावर जिथे दरी, तिथे साच्यात कणा. साच्यात सगळंच उलटं. त्यामुळे विमानावर उठलेली रिव्हेट हवी असेल तर पोलादात एक बारीक खड्डा पाडला की काम झालं. पण विमानावर खोल गेलेली रेघ हवी असेल, तर साच्यात उठलेला कणा हवा. म्हणजे केसाएवढा कणा राखून आजूबाजूचं सगळं पोलाद तेवढ्या खोलीने काढून टाकायचं. एका खड्ड्याचं काम अख्ख्या पृष्ठभागाचं होऊन बसतं. पुढे स्पार्क इरोजन आलं. यात तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजवत नेतो. इलेक्ट्रोड विमानाच्याच आकाराचा, सुलटा. त्याच्यावर रेघ कोरणं सोपं, आणि ती रेघ साच्यात आपोआप कणा होऊन उभी राहते. रिव्हेट्स गेल्या आणि रेघा आल्या, त्यामागे आवडीनिवडीइतकंच हे यंत्रही होतं.

त्याआधीची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. आधी विमानाची लाकडी प्रतिकृती करायची, हव्या त्या मापाच्या दुप्पट-तिप्पट मोठी. तिच्यावरून रेझिनमध्ये उलटा ठसा घ्यायचा. मग पँटोग्राफ मशिनवर एका हाताने त्या ठशावरून बोथट सुई फिरवायची. दुसऱ्या टोकाचं फिरतं पातं तीच हालचाल लहान करून पोलादात उतरवत जातं. मोठ्या मापावर झालेली हाताची चूक लहान होताना लहानच होते, हा त्यातला शहाणपणा. शेवटी पॉलिश, तेही हाताने. मात्र मूळ आराखड्यातली चूक या युक्तीने जात नाही. ड्राफ्ट्समनपुढे खऱ्या विमानाचे नकाशे नसायचे, फोटोंवरून अंदाज बांधावा लागायचा. नाक थोडं जाड झालं, तर ते पोलादात कायमचं जाड झालं. दर आवृत्तीबरोबर ती चूकही पुन्हा बाजारात येते. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडता येतं, साच्याला जोडता येत नाही.

जोडता का येत नाही, यात या सगळ्या विषयाची किल्ली आहे. पोलाद काढणं सोपं, परत भरणं महाकठीण. पोलाद काढलं की प्लास्टिक वाढतं. म्हणजे साच्यात बदल करून विमानाला कुबड आणता येतं, पण आलेलं कुबड घालवता येत नाही. घालवायचं तर साच्यात वेल्डिंग करून भर घालायची, पुन्हा कापायची, पुन्हा घासायची. आणि त्या ठिगळाची खूण राहतेच. जुन्या साच्यांवरची नावं पुसण्याची रीत पाहा. कंपनी बदलली की नव्या मालकाला जुन्याचं नाव नको असतं. पण ते नाव साच्यात कोरलेलं असतं, खोडता येत नाही. मग त्या अक्षरांवरून आणखी खोल असा चौकोनच कापून टाकतात. पंखाच्या आतल्या बाजूला विनाकारण एक कोरा, उठलेला आयत दिसला, तर तिथे कधीतरी कुणाचं तरी नाव होतं असं खुशाल समजा.

अमेरिकेतल्या एएमटी कंपनीची मोटारगाड्यांची किट्स याच नियमाची शिकार झाली. 1958 पासून ही कंपनी दरवर्षी त्या-त्या सालच्या नव्या गाड्यांची किट्स काढायची. डेट्रॉइटवाले दरवर्षी गाडीचं नाक आणि शेपूट बदलायचे, मग एएमटीही त्याच साच्यात नाक आणि शेपूट बदलायची. नवा साचा कोण करत बसतो? त्यामुळे अनेक गाड्यांचं आदल्या वर्षीचं रूप पुढच्या वर्षीच्या रूपाने गिळून टाकलं. साचा आजही शाबूत आहे, पण त्यातून निघते ती शेवटच्या वर्षाचीच गाडी. सध्या या ब्रँडची मालक असलेली राउंड टू ही कंपनी काही किट्ससाठी हरवलेले भाग नव्याने कापून घेते आणि जुन्या साच्याच्या जोडीला बसवते. गाडीचं टप साठ वर्षांपूर्वीचं आणि बंपर परवाचा, असं हे एकत्र कुटुंब.

साच्यांचे प्रवास पाहिले तर चक्रावून जायला होतं. फ्रॉग ही एअरफिक्सच्याही आधीची ब्रिटिश कंपनी. 1936 मध्ये तिने 'पेंग्विन' या नावाने प्लास्टिक किट्स काढली. न उडणारी विमानं म्हणून पेंग्विन. ते प्लास्टिक म्हणजे सेल्युलोज अ‍ॅसिटेट, वर्षागणिक वाकडंतिकडं होणारं. पुढे फ्रॉगने पॉलिस्टायरीनमध्ये बहात्तरपट लहान विमानांची मोठी मालिका उभी केली. 1971 मध्ये तिची मूळ कंपनी लाइन्स ब्रदर्स कोसळली. नव्या मालकांनी सत्तरच्या दशकाच्या मध्याला साचे विकले, आणि ते सोविएत संघाला! शीतयुद्ध अजून संपलं नव्हतं, आणि ब्रिटिश लढाऊ विमानांचे साचे निघाले रशियाच्या वाटेला. तिकडच्या कारखान्यांत माल काढायचा आणि 'नोव्हो' या नावाने तो ब्रिटनमध्येच परत विकायचा, असा हा व्यवहार.

त्यात एक मेख होती. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे सोविएतांना नको होते. ज्या शत्रूंशी आपण लढलो, त्यांच्या विमानांची खेळणी आपल्याच कारखान्यात कोण काढणार? ते साचे रेव्हेल कंपनीकडे गेले. उलट हरिकेनसारखं विमान सोविएत वैमानिकांनी महायुद्धात स्वतः उडवलेलं होतं, त्यामुळे त्याला मज्जाव नव्हता. एका कंपनीच्या गोदामात शेजारीशेजारी असलेले साचे असे मित्र आणि शत्रू म्हणून वेगवेगळ्या देशांत गेले. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती, तरी साच्यांची फाळणी त्याच रेषेवर झाली. सोविएत संघ फुटल्यावर तिकडे गेलेले साचे आणखी विखुरले. ईस्टर्न एक्सप्रेस, आर्क मॉडेल्स अशा रशियन नावांखाली फ्रॉगची विमानं पुन्हा दिसू लागली. खोक्यावरचं चित्र नवं, नाव नवं, आत तीच पोकळी.

आपल्याला जवळचं वाटेल असंही एक विमान फ्रॉगच्या यादीत होतं: व्हल्टी व्हेन्जन्स. हे अमेरिकन डाइव्ह बॉम्बर अमेरिकेने स्वतः फारसं लढाईत वापरलं नाही. 1943-44 मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर मात्र भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रन्सनी ते उडवलं. एवढ्या आडबाजूच्या विमानाचा साचा फ्रॉगने केला आणि फ्रॉग बुडाल्यावर तो सोविएत कारखान्यांत माल काढत राहिला. आपल्या वैमानिकांच्या एका विसरलेल्या लढाईतलं विमान रशियन प्लास्टिकमध्ये जिवंत राहिलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

एअरफिक्सची कहाणी इतकी नाट्यमय नाही, पण वळणं तिलाही आहेत. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या उद्योजकाने 1939 मध्ये ती सुरू केली, तीही हवा भरायच्या रबरी खेळण्यांसाठी. युद्धानंतर इंजेक्शन मोल्डिंगचं मशिन आणलं ते कंगवे काढायला. मग फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीने विक्रेत्यांना दाखवायला छोटे ट्रॅक्टर मागवले. जोडून द्यायला वेळ फार लागायचा, म्हणून पुढे तो ट्रॅक्टर सुट्या भागांतच विकायला काढला. पुढे 'गोल्डन हाइंड' हे जहाज आलं. वूलवर्थ्सच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकता यावं म्हणून ते खोक्याऐवजी पिशवीत भरलं होतं. त्यापाठोपाठ पहिलं स्पिटफायर आलं. 1981 मध्ये कंपनी बुडाली आणि पॅलिटॉय या कंपनीकडे गेली, 1986 मध्ये हम्ब्रोल या कंपनीकडे. साचे फ्रान्समध्ये, नॉर्मंडीतल्या त्रं या गावी हेलर कंपनीच्या कारखान्यात पोहोचले. 2006 च्या उन्हाळ्यात हेलर अडचणीत आली. साचे आणि माल दोन्ही तिकडे अडकलेले. त्या धक्क्याने हम्ब्रोलही बसली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॉर्नबीने हम्ब्रोल आणि एअरफिक्स मिळून 26 लाख पौंडांना विकत घेतलं. या व्यवहारात खरी इस्टेट होती ते साचे. नाव तर काय, कागदावरही राहतं.

मग साचाच हरवला तर? अमेरिकेतली ऑरोरा ही फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला वगैरे राक्षसांच्या किट्ससाठी गाजलेली कंपनी. 1977 मध्ये तिचे साचे मोनोग्राम या दुसऱ्या किट-कंपनीकडे गेले. ते नेणारी मालगाडी वाटेत घसरली आणि काही साचे निकामी झाले, असं या छंदाच्या जगात अजून सांगतात. नव्वदच्या दशकात पोलर लाइट्स या कंपनीने ऑरोराची किट्स परत आणायचं ठरवलं, तेव्हा तिने उलटा रस्ता धरला. संग्राहकांकडची न उघडलेली जुनी किट्स मिळवायची, त्यांची मापं घ्यायची आणि त्यावरून नवे साचे करायचे. इथे मघाचा तो अर्धा टक्का लागतो. जुनं किट साच्यापेक्षा आधीच आखडलेलं. त्याच मापाचा साचा केला तर त्यातून निघणारं किट दुसऱ्यांदा आखडणार. म्हणून प्रत काढणाऱ्याला आधी ते आखडणं हिशेबात उलटवावं लागतं. आजच्या किटवरून कालच्या पोकळीचा माग काढावा लागतो.

साचा हाताशी असला तरी तो मशिनला लावला आणि माल निघाला, इतकं सोपं नाही. काहीशे किलोंचा हा ठोकळा वीस-तीस वर्षं गोदामात पडलेला. तेल लावून ठेवला असेल तर नशीब, नाहीतर पृष्ठभागावर गंज, आणि गंजाचा प्रत्येक डाग विमानाच्या पंखावर उमटणार. पाण्याच्या वाटा गाळाने बुजलेल्या. सुटे इन्सर्ट दुसऱ्याच पेटीत, कधी कुठेच नाहीत. जुन्या मशिनच्या मापाने केलेला साचा नव्या मशिनमध्ये बसेलच असं नाही. हे सगळं निस्तरलं की पहिले टेस्ट शॉट काढतात आणि खरी तपासणी सुरू होते. वैमानिकाचा हात मनगटाशीच संपलेला: शॉर्ट आला, रस तिथवर पोहोचलाच नाही. प्रोपेलरच्या पात्यांमध्ये कागदासारखा पातळ पापुद्रा: तो फ्लॅश, साच्याच्या कडा झिजल्याची निशाणी. दोन अर्धे नीट जुळत नसतील तर चाकाला मध्येच पायरी आलेली. कारागीर दाब वाढवतो, तापमान बदलतो, कडा घासतो. शॉर्ट घालवायला दाब वाढवावा तर फ्लॅश वाढतो, आणि या ओढाताणीत दिवस जातात.

एवढा उपद्व्याप परवडतो, कारण नवा साचा करण्याचा खर्च फार मोठा असतो आणि जुन्याचा केव्हाच वसूल झालेला असतो. याचा मला आवडणारा परिणाम म्हणजे काही विषय केवळ जुन्या साच्यांमुळेच टिकून आहेत. एसआर-एन1 हे हॉवरक्राफ्ट घ्या. 1959 मध्ये त्याने इंग्लिश खाडी ओलांडली आणि जगभर नाव झालं. लगोलग एअरफिक्सने त्याचं किट काढलं. आज त्यासाठी नवा साचा करायला कोणता हिशेबनीस परवानगी देईल? पण साचा होता, म्हणून 'व्हिंटेज क्लासिक्स' या मालिकेत ते पुन्हा आलं. एअरफिक्सची ही मालिका जुन्याला जुनंच म्हणून विकते आणि खोक्यावर रॉय क्रॉससारख्या त्या काळच्या चित्रकारांची मूळ चित्रं छापते. हा प्रामाणिकपणा मला मानावासा वाटतो. कारण एरवी उलटाच प्रकार जास्त: नवं चकचकीत खोकं, आजचं चित्र, आणि आत 1962 चं विमान.

म्हणून घेण्याआधी थोडी चौकशी करा. स्केलमेट्स या संकेतस्थळावर बहुतेक किट्सची वंशावळ सापडते: साचा कुठल्या वर्षीचा, आधी कुठल्या नावांनी निघाला, मध्ये काय बदललं. बारकाव्यांची आवड असेल तर नव्या साच्याचं किट घ्या; जोड घट्ट बसतात, रेघा नाजूक असतात. जुन्या साच्याचं घेतलंत तर फ्लॅश खरवडायची आणि फटी बुजवायची तयारी ठेवा, आणि कृपा करून त्या रिव्हेट्स घासून टाकू नका. लहान मुलासाठी घेत असाल तर कमी भागांचं जुनं विमानच बरं; एका दुपारी पुरं होतं. चिकटवायचं सिमेंट, रंग आणि बारीक कानस मात्र वेगळी घ्यावी लागते, बहुतेक खोक्यांत ती नसते.